मुद्दा क्रमांक तीन: पिल्लांना ऊब द्या!

संपादकांचा फोन आला. "मांजरांवर काहीतरी गोड लिहा. दिवाळी अंक आहे, फराळासोबत लोकांना हलकंफुलकं बरं वाटतं."

मी विचारलं, "मेलेली पिल्लं चालतील का?"

त्यांनी पानांचा हिशेब केला असावा. मग म्हणाले, "एखादं चालेल."

एखादंच आहे. वाचा.

मी धाराशिवात राहते. दिवसा एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते आणि उरलेल्या वेळात मांजरीची पोरकी पिल्लं सांभाळते. सांभाळते म्हणजे पाळत नाही. आई मेलेली किंवा हरवलेली पिल्लं आणायची, आपापली खायला लागेपर्यंत जगवायची आणि बरं घर बघून देऊन टाकायची. असं करणारे आम्ही गावात सहा-सात जण आहोत. त्याआधी कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहाच्या पाण्यापासून ग्रंथालयाच्या वेळेपर्यंत सगळ्यावर मी पत्रकं लिहिली. पत्रकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. वाक्य छोटं ठेवायचं, आणि चूक कायम समोरच्याची असते.

समोरचे लोक तसे मिळतातही. आमच्या उन्हाळ्याची कीव करायला सगळं जग येतं, हिवाळ्याकडे मात्र कुणी बघत नाही. इथल्या माळावरचं डिसेंबरातलं वारं एकदा अंगावर घ्या, मग बोलू. त्या दिवसांत माझा फोन सुरू होतो. एक बँकेतले साहेब म्हणाले, "गच्चीवर चार पिल्लं आहेत, आजच्या आज उचला, घरात पूजा आहे."

"आई आहे का त्यांची?"

"आहे की. पण फार ओरडते."

अहो, तुम्ही तिच्या लेकरांभोवती खराटा घेऊन फिरताय, ती काय आरती म्हणेल? आई जिवंत असेल तर पिल्लांना हात लावायचा नसतो, हे मी त्यांना अर्धा तास सांगितलं. त्यांनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला आणि पिल्लं पिशवीत घालून माझ्या दारात आणून ठेवली. कॉलनीतल्या एका बाईंनी दहा दिवसांची दोन पिल्लं सकाळी नळाखाली धुतली, कारण "घरात घ्यायचं म्हणजे स्वच्छ नको का?" येडशीच्या एका गृहस्थांनी पिल्लाला ब्रँडीचा थेंब पाजला. "थंडीत आमच्याकडे सगळ्यांना देतो," म्हणाले. सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, असं विचारल्यावर म्हणाले, "म्हणजे मी घेतो." आणि फोटो काढणारे वेगळेच. कुडकुडत्या पिल्लाचा फोटो काढतील, खाली रडकं तोंड टाकतील, स्टेटस ठेवतील आणि पिल्लू जिथं होतं तिथंच ठेवून स्वतः स्वेटर घालून घरी जातील. गोंडस हा शब्द ऐकला की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते.

धंद्यातली गोष्ट साधी आहे, ती सांगून टाकते. पिल्लू म्हणजे लहान आकाराचं मांजर नव्हे. पहिले तीन आठवडे ते तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं असतं. बाहेरून मिळाली तेवढीच ऊब त्याची, नुसतं ठेवलं की निवत जातं. त्याला धड कुडकुडताही येत नाही. आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं. लोक नेमकं तेच आधी करतात, कारण दूध पाजताना आपण फार दयाळू आहोत असं वाटतं. नसीमआपा म्हणून आमच्यात एक आहेत, शिवणकाम करतात, मशीनच्या पायाशी खोकं ठेवून त्यांनी कितीतरी पिल्लं वाढवली. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "पैले गरम करना, बाद में पिलाना. थंडे पेट में दूध पचता नै, उलटा फेफडे में जाता." पिल्लू गरम आहे की गार हे त्याच्या झोपण्यावरून कळतं. एकावर एक ढीग करून पडली म्हणजे थंडी वाजतेय. चार दिशांना पसरून तोंडं उघडी टाकली म्हणजे उकडतंय. एकमेकांना लागून सैल पडली म्हणजे ठीक. सगळ्यात वाईट म्हणजे गप्प राहणं. भुकेलं पिल्लू ओरडतं, गार पडत चाललेलं आधी ओरडतं आणि मग गप्प होतं.

एवढं ज्ञान झाल्यावर पत्रक न काढून कसं चालेल? मी काढलं. दहा मुद्दे, दुकानातच छापलं, जिल्हाभर वाटलं. त्यातला मुद्दा क्रमांक तीन असा होता: 'पिल्लांना सतत ऊब द्या! वाऱ्यापासून जपा! खोली बंद ठेवा!' तीन वाक्यं, तीन उद्गारचिन्हं. फार आवडला होता मला तो मुद्दा.

मागच्या हिवाळ्यात ईटहून फोन आला. सुरेखा म्हणून एक बाई बोलत होती. त्यांच्या कडब्याच्या बनमीत, म्हणजे रचलेल्या कडब्याच्या ढिगात, मांजर व्यायली होती. मांजरीला कुत्र्यांनी मारलं होतं, घरच्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. चार पिल्लं, डोळे नुकते किलकिले होत होते. माझ्याकडे तेव्हा सात पिल्लं होती आणि त्यातली दोन शिंकत होती. शिंकणाऱ्यांत नवी पिल्लं मिसळायची नसतात. म्हणून मी दूध पावडर, ड्रॉपर आणि खोकं घेऊन ईटला गेले. सुरेखाची सासू कौसाबाई, साठीच्या पुढची, घरात तिचाच शब्द चालतो. पिल्लं इथंच ठेवायची, तुम्ही सांभाळायची, मी फोनवर विचारत राहीन, असं ठरवलं. पिल्लू उताणं नाही, पालथं धरून कसं पाजायचं, ओल्या कापसानं पुसून शी-शू कशी करवायची, हे सगळं तासभर बसून दाखवलं.

कौसाबाईंनी विचारलं, "आन शेक कसा द्यायचा ह्यास्नी?"

मला जीप गाठायची होती. मी म्हणाले, "मावशी, सगळं पत्रकात आहे. मुद्दा तीन." आणि कागद सुरेखाच्या हातात दिला. ऊब द्यायला काय शिकवायचं, असं वाटलं मला.

चौथ्या दिवशी सकाळी बघायला गेले. ढगाळ होतं, वारं कानात शिरत होतं. दार बंद. ढकललं तर ओव्याच्या धुरीचा आणि कोळशाचा भपकारा आला. आत बाज, बाजेखाली रसरसलेली शेगडी, बाजेवर टोपलं, टोपल्यावर गोधडी. म्हणजे बाळंतिणीला देतात ती पुरी शेकशेगडी, फक्त बाळंतिणीच्या जागी मांजरं. गोधडी काढली. चार पिल्लं टोपल्याच्या चार कडांना, पाय पसरून, तोंडं उघडी. मी टोपलं उचलून बाहेर ओसरीत आणलं.

"मावशी, हे काय चाललंय?"

"शेक दिलाय," कौसाबाई म्हणाल्या. "आई न्हाय लेकरास्नी."

"ही मांजरं आहेत! बाळंतीण नाही!"

"बाळंतीण मेली म्हनून तर लेकरास्नी द्यायला लागला."

"बंद खोलीत कोळसा? माणूस मरतं त्यानं, माणूस! ही तर एवढीएवढीशी!"

सुरेखा भिंतीला टेकून उभी होती. तिनं न बघता म्हणून दाखवलं, "पिल्लांना सतत ऊब द्या. वाऱ्यापासून जपा. खोली बंद ठेवा." मग म्हणाली, "ताई, आमी रोज वाचतो. आत्याबाई ऐकल्याबगर चहा घेईनात."

इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी काय म्हणाले ते लिहिते, कारण लपवून उपयोग नाही. "कागदावर सगळं लिहायचं का? थोडी स्वतःची अक्कल वापरायची!" असं म्हणाले, साठी ओलांडलेल्या बाईला, तिच्याच ओसरीत उभी राहून.

मोकळ्या हवेत पिल्लं हलायला लागली. तीन चांगली ओरडली. चौथं सगळ्यात लहान, तिला कौसाबाई बारकी म्हणत. तिनंही मान उचलली. मी चारही पिल्लं खोक्यात घातली. माझ्याजवळची बाटली सुरेखाकडून गरम पाण्यानं भरून घेतली, फडक्यात गुंडाळून आत ठेवली आणि सांगितलं, मी घेऊन चालले. कौसाबाई आत गेल्या आणि हातात एक जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी घेऊन आल्या. पिशवीत ज्वारी भरलेली.

"ही घी. माज्या गुडघ्याची हाय. तव्यावर गरम केलीया, वाटंत लागंल."

मी म्हणाले, "तुमचा शेक पुरे झाला, मावशी."

पिशवी हातातच राहिली त्यांच्या.

गावाबाहेरच्या फाट्यावर जीप उभी होती, पण भरलेली नव्हती, आणि भरल्याशिवाय ती हलत नाही. मी खोकं सिमेंटच्या बाकावर ठेवलं, शेजारी बसले आणि मोबाइलवर लिहायला लागले. मथळा सुचला होता: 'अज्ञानाची शेगडी!' उद्गारचिन्ह अर्थात. पहिल्या परिच्छेदात प्रथा झोडपल्या. दुसऱ्यात शिक्षणाचा अभाव. अर्ध्या तासानं खोक्यात हात घातला, बाटली कोमट झाली होती. कौसाबाईंचं घर तिथून दहा मिनिटांवर. चुलीवर पाण्याचं भगुनं मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण जायचं म्हणजे त्याच दारात जाऊन त्याच बाईकडे गरम पाणी मागायचं. मी विचार केला, जीप आता सुटेलच. आणि तिसरा परिच्छेद सुरू केला.

शेजारी सोनारीला निघालेले एक म्हातारबाबा बसले होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बाई, खोक्यात काय हाय म्हनायचं?"

"मांजराची पिल्लं."

"मगा वरडत व्हती. आता लई गप हायेत."

मी झाकण उघडलं. तिघांचा ढीग होता. बारकी त्या ढिगाच्या तळाशी, बाटलीला चिकटलेली. बाटली थंडगार. निवलेली बाटली नसलेल्या बाटलीपेक्षा वाईट असते, ती पिल्लाच्या अंगातली ऊब ओढून घेते. हे मला माहीत होतं. खोकं उघड्या फरशीवर ठेवायचं नसतं, खाली पोतं हवं, हेही माहीत होतं, पत्रकात मीच लिहिलं होतं. खोक्याखालचा बाक बर्फासारखा होता. बारकीचं तोंड बोटानं उघडून बघितलं, आतून गार.

मी तिघांना स्वेटरच्या आत पोटाशी घातलं, बारकी दोन्ही हातांत धरली आणि चालायला लागले. दहा मिनिटांची वाट होती. सहा-सात मिनिटांत पोचले असेन.

कौसाबाई ओसरीत लसूण सोलत होत्या. मला बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि सूप बाजूला सारलं. "आन हिकडं," एवढंच. बारकीला पदराखाली छातीशी धरलं आणि आत ओरडल्या, "सुरेखा, तवा ठिव. ज्वारी टाक त्येच्यावर."

सुरेखानं विचारलं, "दूध करू का ताई?"

"नको. आधी ऊब."

"व्हय, मुद्दा चार," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच पाठ होतं.

तिनं ज्वारी तव्यावर हलवली, पिशवीत भरली. कौसाबाईंनी पिशवी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितली, थोडी झटकली, पुन्हा लावून बघितली. मग टोपल्यात पोतं, पोत्यावर जुनं लुगडं, आणि पिशवी टोपल्याच्या एकाच कडेला. वरून अर्ध्या टोपल्यावर फडकं. दुसरी बाजू रिकामी. तिघांना मधोमध सोडलं. त्यांनी आंधळ्यासारखी तोंडं हलवली आणि सरपटत आपापली पिशवीकडे गेली. माझ्या घरी मी असंच करते. अर्धं खोकं गरम, अर्धं मोकळं. उकडलं तर पिल्लानं सरकायचं कुठं? हाताला इतकी सवय झाली होती, की ते लिहायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. दहा मुद्दे लिहिले, आणि हा त्यात नव्हता.

मी विचारलं, "मावशी, ही बाजू मोकळी का ठेवली?"

"कोंबडीबी अंड्यावरनं उठती की मधनंमधनं," त्या म्हणाल्या. "कुनालाबी सारका शेक सोसत न्हाय."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"न्हाय कसं? इतकी वर्सं कोंबड्या बशिवल्या म्या."

"मग शेगडी का लावली?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काही फारच खुळ्यासारखं विचारलं असावं. "तू लिवलंस सतत. ज्वारी निवती, घडीघडी तापवावी लागती, ती सतत कशी व्हनार? सतत म्हनल्यावर शेगडीच. आन खोली बंद ठिवा म्हनलीस. मला बी कसंकसं वाटलं. पर म्हनलं, शिकल्यालं मानूस हाय, मांजराचं येगळं आसंल काई."

आम्ही कार्यकर्ते गावात जाऊन लोकांना सांगतो, जुन्या समजुती सोडा, विज्ञानाचं ऐका. एका बाईनं ऐकलं. स्वतःच्या हाताला माहीत असलेली खरी गोष्ट माझ्या तीन उद्गारचिन्हांसाठी बाजूला ठेवली. आणि विज्ञान कुठं होतं? फाट्यावर बसून तिच्या अज्ञानावर तिसरा परिच्छेद लिहीत होतं.

सुरेखा एक वही घेऊन आली. पिल्लांचं रोजचं वजन. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तर ती रोज सकाळी चौघांना टोपलीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर नेत होती. दुकानदार म्हणे पहिल्या दिवशी हसला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच "आज बारकी किती?" विचारायला लागला. चार दिवसांत चौघांचं वजन वाढलेलं होतं. सगळ्यात जास्त बारकीचं. सकाळी आरडाओरडा करण्याआधी मी ही वही मागितली असती, तर कदाचित पुढचं सगळं झालं नसतं. मागितली नाही.

"वाटंत काय झालं?" कौसाबाईंनी विचारलं.

"जीप भरली नाही. बाटली निवली. खोकं बाकावर ठेवलं होतं."

"कसल्या बाकावर?"

"सिमेंटच्या."

सुरेखा खाली बघून हळूच म्हणाली, "मुद्दा दोन."

मला आजवर बऱ्याच लोकांनी शिव्या दिल्या आहेत. मोर्चात दिल्या, दारात दिल्या, फोनवर तर रोजच्या. त्यातली एकही त्या दोन शब्दांएवढी लागलेली नाही.

कौसाबाई बारकीला छातीशी धरून बसून राहिल्या. मधून पदर वर करून बघायच्या, पुन्हा झाकायच्या. एकदा तिनं पाय ओढल्यासारखं केलं, तेव्हा सुरेखा दूध करायला उठली आणि माझ्याकडे बघून परत बसली. दुपारचं ऊन ढगातून जरासं आलं, ओसरीच्या कडेपर्यंत. कौसाबाईंनी पदर काढला. "संपली बघ," म्हणाल्या. पण लगेच खाली ठेवलं नाही. तशाच धरून बसल्या, जणू अजून थोडा शेक लागणार होता. मग आम्ही तिला बनमीच्या मागं पुरलं. मी खड्डा करत होते आणि त्या उभ्या राहून सांगत होत्या, "खोल घी. कुत्री उकरतेत."

निघताना मी म्हणाले, "मावशी, तीन तुमच्याकडेच राहू देत का?"

"मग काय, फाट्यावर ठिवायची?" त्या म्हणाल्या.

टोपल्यात सुरेखानं जुन्या मोज्यात ज्वारी भरून ठेवली, आणि या वेळी लुगड्याची पिशवी मी मागून घेतली, घरच्या पिल्लांसाठी. त्यांनी दिली, पण सांगितलं, परत आण, गुडघा माजा दुकतुया.

तिघंही जगली. दोन चांगल्या घरी गेली. एक त्यांच्याकडेच आहे, बनमीवर बसून गावाकडे बँकेतल्या साहेबांसारखं बघत असतं. मी पत्रक नव्यानं लिहिलं. कौसाबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी अडवलं, दोन्ही बदललं. आता मुद्दा तीन लांबलचक आहे: खोक्याची एक बाजू गरम ठेवा, दुसरी मोकळी. जुन्या मोज्यात ज्वारी भरून तव्यावर तापवा, कोपराच्या आत लावून बघा, निवली की काढा. कोळसा खोलीत नको. हवा खेळू द्या, झोत नको. उद्गारचिन्ह एकही नाही. दुकानातल्या मालकांनी विचारलं, "यात जोर कुठंय?" मी म्हणाले, जोर संपला.

बँकेतल्या साहेबांवरचा माझा राग मात्र तसाच आहे. नळाखाली पिल्लं धुणाऱ्या बाईंवरचाही. पत्रक बदललं म्हणून मी मवाळ झाले, असं कुणी समजू नये. फक्त आता फोन वाजला की शिव्या देण्याआधी मी विचारते, "तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं?" आणि उत्तर येईपर्यंत जरा धाकधूक असते, कारण जुनं पत्रक जिल्ह्यात अजून कुठं कुठं चिकटलेलं असेल, सांगता येत नाही. 'अज्ञानाची शेगडी!' मोबाइलमध्ये आहे, तिसऱ्या परिच्छेदात थांबलेली. पुसत नाही.

जुन्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा घरी आहे. पिल्लं चालायला लागली की त्यांच्या खोक्याच्या मोकळ्या बाजूला मी ती अंथरते, छापलेली बाजू वर करून. रोज सकाळी काढून बघते. मुद्दा क्रमांक तीनवरच मुतलेलं असतं, उद्गारचिन्हांसकट. वाचता येत नसूनही त्यांना बरोबर कळतं.